तटस्थ कोण? खानदेशातील ‘किरकोळ’ सत्ता आणि पटावरचे हिशेब (धागा)

पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या रणनीतीच्या खेळांत नवख्याला पहिल्याच दिवशी एक सल्ला मिळतो. नकाशावरील लहान तटस्थ सत्तांशी दोनच प्रकारे वागावे: परवडत असेल तर सोने देऊन त्यांना बांधून घ्यावे, नाही तर शेजारी प्रबळ होण्याआधी गिळून टाकावे. आणि डोंगर-जंगलात ‘बार्बेरियन’, म्हणजे रानटी टोळ्यांचे तळ दिसतील ते आरंभीच साफ करावेत. तळ मोडला की थोडे सोने हाती लागते आणि सैन्याला लढाईचा अनुभव मिळतो. खेळापुरता हा सल्ला चुकीचा नाही. तो पाळणारा बहुधा जिंकतो.

तक्रार खेळाविषयी नाहीच. तक्रार अशी आहे की ही भाषा पटावरून उठून इतिहासाच्या चर्चेत ठाण मांडून बसली आहे. मध्ययुगीन दख्खनचा रंगीत नकाशा कोणी प्रसिद्ध केला की खानदेशच्या फारुकींसाठी ‘बफर’ हा एकच शब्द पुरेसा मानला जातो. सातपुड्यातील भिल्लांसाठी ‘बार्बेरियन कॅम्प’ हा शब्दप्रयोग हसतहसत केला जातो. तो करणाऱ्यांत धुळ्या-जळगावची मुलेही असतात, आणि ज्यांच्या पणजोबांना हे विशेषण लावले जात आहे अशी मुले शाळेत त्यांच्याच बाकावर बसलेली असतात. इतिहासाची गोडी असलेल्या पिढीने तरी हा शब्द खाली ठेवण्यापूर्वी तपासून पाहायला हवा होता.

आधी खेळाची यंत्रणा. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक नगरराज्याजवळ एक आकडा असतो: खेळाडूचा तेथील प्रभाव. सोने दिले की तो वाढतो, आणि काही केले नाही तर दर पाळीला थोडाथोडा झिजतो. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत सोन्याऐवजी दूत आले. किमान तीन दूत आणि इतर सर्वांपेक्षा अधिक दूत ज्याचे, तो अधिपती; मग सोने मोजून त्या नगरराज्याचे सैन्यही काही पाळ्यांपुरते भाड्याने घेता येते.

यंत्रणा सुबक आहे. पण तिच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते इतके खोल आहे की सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नगरराज्य जिंकण्यासाठी खेळत नाही. त्याला पाळी असते, पण बेत नसतो. कोणाला अधिपती मानावे हे ते ठरवीत नाही. दूतांची मोजणी ठरवते. त्याला वारसदार नसतात, सासर-माहेर नसते, अपमानाची आठवण नसते. बुद्धिबळातील प्याद्याला निदान रंग तरी असतो. येथे तोही दुसऱ्याच्या मर्जीने चढतो.

या गृहीतासह फारुकींच्या इतिहासाकडे पाहिले तर काय दिसते? तापीकाठचे थाळनेर, आजच्या शिरपूर तालुक्यातले. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने हे ठाणे आणि भोवतालचा मुलूख मलिक राजाला दिला. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे वागू लागला. उत्तरेस माळवा, पश्चिमेस गुजरात, दक्षिणेस बहमनी राज्य. तिन्ही बाजूंना त्याच्याहून बलाढ्य सत्ता उभ्या राहत होत्या. खेळाच्या हिशेबाने अशा राज्याचे आयुष्य साठ-सत्तर पाळ्यांचे.

प्रत्यक्षात ते १६०१ पर्यंत टिकले. दोनशे एकोणीस वर्षे. या आकड्याशेजारी इतर आकडे मांडून पाहावेत. बहमनी राज्य १३४७ ला उभे राहिले आणि १५२७ च्या सुमारास संपले. गुजरातची सल्तनत १४०७ ते १५७३. वऱ्हाडची इमादशाही १४९० ते १५७४. अहमदनगरची निजामशाही १४९० ते १६३६. विजापूरची आदिलशाही, जिच्या दीर्घायुष्याचे कौतुक होते, ती १४९० ते १६८६. यांपैकी एकीलाही दोनशे वर्षे पुरी करता आली नाहीत. ज्याला ‘दोन मोठ्यांमधली गादी’ म्हणून हिणवले जाते, ते राज्य ज्यांच्यामध्ये चेंगरले गेल्याचे सांगतात त्या सर्वांहून अधिक वर्षे जगले.

हे दैवाने घडले नाही. मलिक राजाने माळव्याच्या घराण्याशी सोयरीक केली. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड मिळवला. आसा अहिराच्या विश्वासाचा घात करून मिळवला, असे इतिहासकार सांगतात. फारुकींना साधुसंत ठरवण्याचे कारण नाही. याच नसीरने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. एक अभेद्य गड आणि उत्तरेकडून दख्खनला उतरणाऱ्या वाटेवरचे एक शहर. पुढच्या दोन शतकांच्या राजकारणाचे भांडवल हेच होते.

आता या ‘तटस्थ’ राज्याच्या चाली पाहाव्यात. नसीरचा भाऊ इफ्तिखार थाळनेर धरून होता. १४१७ मध्ये नसीरने माळव्याची मदत घेऊन भावाकडून थाळनेर हिसकावले, आणि लगेच माळव्याच्याच सोबतीने गुजरातच्या सुलतानपूर-नंदुरबारकडे मोर्चा वळवला. गुजरातचा अहमदशहा चालून येताच तो असीरगडावर गेला, शरण आला, आणि गुजरातकडून ‘खान’ ही पदवी पदरात पाडून घेतली. म्हणजे एकाचे सैन्य वापरून घराचा प्रश्न सोडवायचा, दुसऱ्यावर हल्ला करायचा, हल्ला फसला की त्याच दुसऱ्याला अधिपती मानून मान्यता मिळवायची. यात दूत कोणी मोजले? अधिपती निवडला तो मांडलिकाने. पुढे फारुकी राज्यकर्ते बराच काळ ‘शाह’ न म्हणवता ‘खान’च राहिले, आणि खानांचा देश तो खानदेश अशी या नावाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते.

नसीरची दुसरी मोठी चाल मात्र अंगलट आली, आणि तिचे कारण खेळाच्या कोणत्याही आकड्यात बसणारे नाही. त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदाला दिलेली होती. सुलतानाचे मन संगमेश्वरच्या राजकन्येकडे वळले आणि या राणीची उपेक्षा होऊ लागली. मुलीने बापाकडे तक्रार केली. बाप वऱ्हाडावर चालून गेला. बहमनी सरदार खलफ हसनने रोहणखेडला त्याचा पराभव केला, बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला आणि अखेर त्याला लळिंगच्या किल्ल्यात कोंडले. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे येताना जो किल्ला डोंगरावर दिसतो, तोच हा लळिंग. १४३७ मध्ये नसीर मरण पावला. लेकीच्या अपमानासाठी राज्य पणाला लावणारा राजा शहाणा होता की अविचारी, यावर वाद घालता येईल. तो तटस्थ नव्हता, यावर वाद घालता येणार नाही.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या आदिल खानाने गुजरातची खंडणीच थांबवली. गोंडवनाकडे हातपाय पसरले आणि ‘शाह-ए-झारखंड’ अशी पदवी मिरवली. महमूद बेगडा सैन्य घेऊन आला तेव्हा थकबाकी चुकती झाली. खंडणी हा येथे प्रभावाचा आकडा नव्हता, ती एक परीक्षा होती. मोठ्याचा हात दुसरीकडे अडकला असेल तर ती थांबवायची, मोकळा झाला तर भरायची. आजही सरकारी देणी भरताना पुष्कळ शहाणी माणसे याहून वेगळे काही करीत नाहीत.

१५०८ नंतर गादीचा वाद झाला. एका दावेदारामागे अहमदनगर, दुसऱ्यामागे गुजरात. बेगडा पुन्हा थाळनेरपर्यंत आला आणि त्याने आपल्या मुलीचा मुलगा तिसरा आदिल खान गादीवर बसवला. येथे एखादा खेळाडू म्हणेल, ‘झाले की, गुजरातने नगरराज्य खिशात घातले.’ त्याने पुढची पाने उलटावीत. १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत गुजरातचा बहादूरशहा मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. गुजरातच्या सरदारांनी वारस म्हणून कोणाला निवडले? खानदेशच्या मिरान मुहम्मदशहाला, बहादूरशहाच्या भाच्याला. तो अहमदाबादेकडे निघाला आणि वाटेतच वारला. आणखी काही दिवस जगता तर मांडलिक हाच अधिपतीच्या गादीवर बसला असता. असे घडू शकते, ही शक्यताच या खेळाच्या नियमांत नाही. मुलगी दिली की नातू मिळतो, आणि नातवाला आजोळचाही हक्क सांगता येतो, एवढे साधे लग्नाचे गणित तेथे शिकवलेले नसते.

त्याच्यानंतरच्या मुबारकशहाच्या काळात गुजरातने सुलतानपूर-नंदुरबार खानदेशला देऊन टाकले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी नसीरला जे लढून मिळाले नव्हते, ते वाटाघाटीने मिळाले. मग मोगल आले. माळव्यातून पळालेला बाजबहादूर खानदेशच्या आश्रयाला आला, तेव्हा अकबराचा सरदार पीर मुहम्मद पाठलाग करीत बुऱ्हाणपुरात शिरला, शहर लुटले, माणसे कापली. लूट घेऊन तो परत फिरला तेव्हा खानदेशचा मुबारकशहा, वऱ्हाडचा तुफालखान आणि स्वतः बाजबहादूर असे तिघे एकत्र आले. पीर मुहम्मदाचा पराभव झाला आणि नर्मदा ओलांडताना तो बुडून मेला. ही १५६२ ची गोष्ट. तीन ‘किरकोळ’ सत्ता मिळून साम्राज्याच्या सेनापतीला संपवतात, हे खेळात सहसा घडत नाही. तेथे नगरराज्ये एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांची सारी बोलणी खेळाडूशीच होतात.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मुबारकशहाने आपली मुलगी अकबराला दिली. विजय डोक्यात न जाऊ देण्याची ही अक्कल फारशी पाहायला मिळत नाही.

राजा अली खानाची कथा मात्र थांबून वाचावी अशी आहे, कारण ‘अधिपती झाला म्हणजे काम झाले’ या समजुतीचा निकाल तेथे लागतो. १५७७ च्या सुमारास त्याने अकबराचे स्वामित्व मान्य केले. दख्खनच्या शाह्यांशी नातेही तोडले नाही. १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाला अहमदनगरची गादी मिळवून देण्यात त्याचा हात होता. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा म्हणून मोगल छावणीत त्याच्याकडे संशयाने पाहिले जात असे. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठजवळ विजापूरच्या सुहेलखानाशी मोगलांची लढाई झाली, तेव्हा राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढला आणि लढतालढता पडला. रणधुमाळीत तो दिसेनासा झाल्यावर मोगल सैनिकांनी काय करावे? तो शत्रूला फितूर झाला असे ठरवून त्याचीच छावणी लुटली. नंतर त्याचे प्रेत रणांगणावर सापडले.

बाप अशा रीतीने मेल्यावर मुलगा बहादूर खान अकबराच्या दरबारात हजर व्हायला राजी नव्हता, यात नवल ते काय? प्रभावाचा आकडा त्या दिवशी शंभरावर असेल किंवा हजारावर. लुटलेल्या तंबूंची आठवण त्यात मोजली जात नाही. १६०० मध्ये स्वतः अकबर बुऱ्हाणपुरात येऊन बसला. असीरगडाचा वेढा महिनोन्‌महिने चालला. बहादूर बोलणी करायला खाली उतरला आणि त्याला अटकेत ठेवण्यात आले. याविषयी दरबारी इतिहासकार एक सांगतात, जेजुइट पाद्री दुसरेच. पाद्र्यांच्या सांगण्यात वचनभंग आहे आणि किल्लेदारांना वाटलेले सोने आहे. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. भारतातील सर्वांत बलाढ्य सम्राटाला, तोफखाना आणि खजिना हाताशी असताना, एका ‘बफर’साठी जातीने यावे लागले. प्रांताचे नाव शाहजादा दानियालवरून ‘दानदेश’ ठेवले गेले. ते किती काळ चालले हे जळगावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारून पाहावे.

शेजारच्या बागलाणबद्दल दोनच वाक्ये. साल्हेर-मुल्हेरच्या आधारावर बागुलांचे छोटे राज्य गुजरात, खानदेश आणि दख्खन यांच्या बेचक्यात टिकून राहिले, आणि तेथील दरबारात रुद्र कवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचले. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या सैन्याने ते घेतले तेव्हा फारुकींचे राज्य बुडून सदतीस वर्षे लोटली होती.

हे झाले राजवाड्यांविषयी. आता त्या तळांकडे वळावे, जे आरंभीच ‘साफ’ करायचे असतात.

या खेळांत रानटी टोळीचा तळ कोठे उगवतो? जेथे कोणाचीही नजर पोहोचत नाही तेथे, नकाशावरच्या धुक्यात. खेळाडूने पाठ फिरवली की काल रिकाम्या असलेल्या डोंगरावर आज तळ असतो. टोळीचा टेहळ्या शहर पाहून परत जातो आणि मग हल्ला येतो. टोळीला गाव नाही, शेत नाही, बायकामुले नाहीत, मागणी नाही. ती फक्त येते. धुके हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा गुण आहे, सातपुड्याचा नव्हे. भिल्ल वस्त्या कोणी न पाहिल्यामुळे उगवलेल्या नव्हत्या. थाळनेरला मलिक राजा येण्यापूर्वीही त्या होत्या.

खानदेशातील भिल्लांचे गावगाड्याशी नाते लुटीचे नव्हे, कराराचे होते. गावची राखण करणारा जागल्या अनेक ठिकाणी भिल्ल असे. घाटांच्या वाटा नाईकांच्या ताब्यात असत. प्रवासी आणि व्यापारी सुखरूप पार जावेत यासाठी त्यांना हक्क मिळत, धान्यात किंवा रोकड. गावांतून वसूल होणारी गिरास ही अशीच. चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारीही जागल्याचीच. हा बंदोबस्त म्हणजे लुटारूला दिलेली लाच, असे ज्यांना वाटते त्यांनी टोलनाक्यावरील पावतीकडे पुन्हा एकदा पाहावे.

करार मोडला कोणी? १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ. गावे ओस पडली; जेथे गावच नाही तेथे जागल्याचा हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि ज्या वाटा ते राखत होते त्याच लुटू लागले. त्यावर पेशवाईच्या अधिकाऱ्यांनी काढलेला उपाय खेळाडूंना ओळखीचा वाटेल. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मणाने कोपरगावी भिल्लांना बोलणीसाठी बोलावले, दगा करून पकडले आणि विहिरींत टाकून मारले. अशा कत्तली इतरत्रही झाल्या. मराठ्यांच्या पराक्रमावर धाग्यांमागून धागे लिहिणाऱ्यांनी कोपरगावच्या विहिरींवरही एखादा लिहावा. पानिपत ज्या इतिहासाचे आहे, त्याच इतिहासाच्या या विहिरीही आहेत.

तळ साफ झाला का? उलट बोलणीला येणेच बंद झाले. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती खानदेश आला तेव्हा डोंगर पेटलेलाच होता. कॅप्टन ब्रिग्जने काही नाईकांना तनखे दिले, बाकीच्यांमागे पलटणी पाठवल्या. पलटणी जंगलात शिरल्या आणि हिवतापाने आजारी पडून परतल्या. एका नाईकाला धरले की दुसरा उभा राही. सात वर्षे हाच क्रम चालला.

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने बेत बदलला. खानदेशात तीन भिल्ल एजंट नेमले. मागील अपराधांना माफी, जमीन, बियाणे आणि बैलांसाठी तगाई, थांबलेल्या हक्कांची चौकशी. आणि भिल्लांचीच एक पलटण. ती उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स आउट्रमकडे आले. तिचे ठाणे धरणगाव, आजच्या जळगाव जिल्ह्यात. आउट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारीला गेला, आणि जे पंचवीस वर्षे साधले नव्हते ते काही वर्षांत साधले.

येथे आउट्रमची आरती ओवाळण्याचा मोह पुष्कळांना होतो. इंग्रजी पुस्तकांनी ती भरपूर ओवाळली आहे. त्याच्या यशाचे श्रेय त्याच्या धाडसापेक्षा एका कबुलीला अधिक आहे: समोरच्याचे काही देणे आहे ही कबुली. कोपरगावला ती नव्हती. मात्र या कबुलीलाही हेतू होता. रस्ता हवा होता, महसूल हवा होता, पुढे सागवान हवे होते. नाईकांच्या हाती असलेले घाट हळूहळू सरकारच्या हाती गेले, आणि हक्क हा शब्द जाऊन पगार हा शब्द आला. पगार देणारा तो बंदही करू शकतो.

सेंधव्याच्या घाटावरचा खाज्या नाईक हे याचे उदाहरण. मुंबई-आग्रा रस्त्याचा हा घाट राखण्यासाठी तो सरकारी नोकरीत होता. नोकरी गेली, शिक्षा झाली. १८५७ च्या धामधुमीत घाट सांभाळायला माणूस हवा म्हणून सरकारने त्यालाच पुन्हा बोलावले. त्याच वर्षी त्याने उठाव केला आणि त्याच घाटात इंदूरहून येणारा सरकारी खजिना अडवला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या लढाईत भिल्लांचा पराभव झाला. पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. खाज्या नाईक १८६० मध्ये मारला गेला. ‘भाड्याने घेतलेले सैन्य’ मुदत संपली की मुकाट्याने परत जाते, असे ज्या खेळात घडते त्या खेळाच्या रचनाकाराला सेंधव्याचा घाट ठाऊक नसावा.

यावर ठरलेले उत्तर येईल: खेळ हा खेळ असतो, त्यात सर्वांना बेत आणि आठवणी दिल्या तर तो कधी संपणारच नाही. हे मान्य आहे. किंबहुना रचनाकारांनाच आपल्या जुन्या सांगाड्याची लाज वाटू लागलेली दिसते. १९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये लहान सत्ता म्हणजे केवळ रानटी. २०१० मध्ये नगरराज्ये आली. २०२१ मध्ये सहाव्या आवृत्तीला असा एक पर्याय जोडला गेला की रानटी टोळीला पैसे देऊन शांत करता येते, तिचे सैनिक भाड्याने घेता येतात, आणि तिला मोडले नाही तर कालांतराने तिचेच नगरराज्य होते. २०२५ च्या सातव्या आवृत्तीत ‘रानटी’ हा शब्दच मागे पडून ‘स्वतंत्र सत्ता’ आली. तीस-पस्तीस वर्षांत खेळ येथवर सरकला. त्याच खेळावर वाढलेले इतिहासप्रेमी मात्र अजून १९९१ चा शब्द भिल्लांना लावत आहेत. खेळ सुधारला, प्रेक्षक तेथेच राहिला.

आणि सुधारणा झाली तरी शेवट बदललेला नाही. मैत्री, मग आधिपत्य, मग विलीनीकरण. नगरराज्याचे उत्तम भवितव्य म्हणजे खेळाडूच्या रंगात विरघळणे. प्रत्यक्षातील एक उदाहरण धुळे-नंदुरबारच्या सीमेला लागूनच आहे. १८३० मध्ये आउट्रमची मोहीम डांगच्या जंगलात गेली. १८४० च्या दशकात इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले आणि त्याबद्दल दरसाल रक्कम ठरवली. इंग्रज गेले, मुंबई राज्य गेले, १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. पण होळीच्या सुमारास आहव्याला अजून दरबार भरतो. गाढवी, लिंगा, पिंपरी, वासुर्णा आणि दहेर येथील राजघराण्यांचे वारस रथांतून मिरवत येतात, आणि सरकार त्यांचा जाहीर सत्कार करून ठरलेले सालियाना देते. रक्कम मोठी नसते. ती देण्यासाठी मात्र दरवर्षी गुजरातच्या शासनाला आहव्यापर्यंत यावे लागते.